घराचं तोंड

पाठ टेका. भिंतीला नको, खांबाला. भिंत मातीची आहे आणि सकाळीच तिच्यातून एक विंचू निघालाय.

वरवट बकालमधलं हे धाब्याचं घर उतरवायला काढलंय. दोन्ही बाजूंना स्लॅबची घरं उभी राहिली, मधे हे एकटं दबून बसलं होतं. छतावरची माती लोटून झाली. तिचा ढीग अंगणात पडलाय आणि गल्लीतल्या पोरांनी त्याची घसरगुंडी केलीय. वर आता नुसत्या कड्या उरल्यात. कड्यांमधून उन्हाचे पट्टे खाली येतात आणि त्यांत धूळ इतकी आहे की खोकल्याशिवाय एक वाक्य पुरं होत नाही. उत्तरेकडची भिंत अर्धी पडलीय, तिच्यावरून सातपुडा दिसतो, उन्हाळ्यात दिसतो तसा, आहे की नाही असा.

लाकूड उतरवायला आलेला म्हातारा दाराच्या चौकटीपाशी बसून तंबाखू चोळतोय. पुण्याकडे याला सुतार म्हणतील. इथे वऱ्हाडात तो वाढई. हा शब्द तेवढा खिशात टाका, पुढे लागणार आहे. मोबाईल मात्र खिशातून काढून ठेवा. जिथे चाललोय तिथे रेंज नाही, आणि चार्जर मागितलात तर लोक तुम्हाला वेडा समजून वर दोन घास जास्त वाढतील.

डोळे मिटा. बाहेर अंगाची लाही होतेय आणि हा खांब बघा कसा गार लागतोय. पहिली उडी छोटीच घेऊ. याच घरात, याच जागी. फक्त घर अजून बांधायचंय.

"अरे बाप्पा, धर ना नीट! नवरदेव हायेस काय?"

तुमच्या हातात एका दोरीचं टोक आहे. गेरूच्या पाण्यात भिजवलेलं सूत, ओलं, लालभडक. दुसरं टोक एका उघड्या अंगाच्या माणसाच्या चिमटीत. मधे सागाचं लांबलचक खोड आडवं पडलंय. तो सूत ताणतो, दोन बोटांनी वर उचलतो आणि सोडून देतो. टण्! लाकडावर सरळसोट लाल रेघ उमटते आणि तुमच्या सदऱ्यावर शिंतोडे. ओळख करून द्यायला नको. चौकटीपाशी तंबाखू चोळत बसला होता ना, त्याच्या आजोबांचा आजोबा म्हणा.

पहिला धक्का वासाचा. ताजा साग नव्या वहाणेसारखा वास मारतो, चामड्याचा, तेलकट, जरासा कडू. त्यात भर भिजत घातलेल्या मातीची, तिच्यात तुडवलेल्या कुटाराची, आणि सातपुड्यातून लाकूड ओढून आणलेल्या बैलांची. बैल निंबाखाली बसलेत, जू उतरलं तरी मान वाकडीच धरून. गाडीवानाचा डोळा लागलाय आणि त्याच्या उघड्या तोंडावर माशा बसल्यात. उठवू नका, रात्रभर घाट उतरत होता.

आता वाढयाच्या पायाकडे बघा. खोडावर डावा पाय रोवून तो वाकसानं लाकूड तासतोय. घाव पडतो तो अंगठ्यापासून बोटभर अंतरावर. दर घावाला एक ढलपा उडतो, आणि तो जमिनीवर टेकायच्या आत एखादी पोरगी झेलून ओच्यात टाकते, कारण सागाचा ढलपा चुलीत पटकन पेटतो. अंगठ्याचं नख अर्धंच आहे. त्याबद्दल विचारलंत तर तो हसतो आणि सांगतो की उरलेलं नख अमक्यातमक्याच्या वाड्यात आहे, पाचव्या खांबाखाली. थट्टा आहे की खरं, विचारायची सोय नाही, कारण लगेच तुमच्या हातात पाण्याची घागर येते.

या घराला अजून भिंती नाहीत, छप्पर नाही, काही नाही. पण दाराची चौकट उभी आहे. उघड्या रानात एकटं दार. चार बांबूंचे टेकू, आंब्याच्या डहाळ्या, हळदीकुंकवाची बोटं, आणि उंबऱ्यावर फुटलेल्या नारळाचं पाणी, त्याला मुंग्या लागल्यात. सकाळी पूजा झाली, वाढयाला टोपी-उपरणं आणि शिधा मिळाला. घरधनी मिशा पिळत त्या चौकटीतून उगाच आत जातो, बाहेर येतो. बाजूनं जायला चारी दिशा मोकळ्या आहेत, पण कुणी जात नाही. तुम्हीही जाऊ नका. शिव्या खाल.

घर केवढं, असं विचारलंत तर कुणी फूट सांगणार नाही. दोन खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. पाच खणांचं, सात खणांचं. गंमत बघा, तिकडे कोरियात लाकडी घर मोजायची रीत हीच. दोन खांबांमधल्या जागेला ते 'कान' म्हणतात, आणि कितीही मोठा सरदार असला तरी त्याच्या वाड्याला नव्व्याण्णवच कान, शंभरावा शोभतो तो राजाला, अशी तिकडची समजूत. खण आणि कान यांचं नातं लावायला जाऊ नका. त्यांचा शब्द चिनी घरचा, आपला दुसऱ्या घरचा. लाकडात घर बांधणारा माणूस कुठेही गेला तरी त्याला भिंत नव्हे, दोन खांबांमधला मोकळा वारा मोजावा लागतो, एवढंच.

तर खांब उभे राहतात. प्रत्येक खांबाच्या पायाशी दगडाचा तळखडा, नाहीतर वाळवी जमिनीतून सरळ वर. खांबाच्या डोक्यावर कुसू, तुळईच्या पोटात त्याच मापाचं भोक. आठ माणसं तुळई उचलतात, त्यांतले एक तुम्ही, आणि खांद्याची सालटी निघत असताना वाढई वरून ओरडतो की अजून एक सूत डावीकडं. अजून. आता सोडा. धप्प! लाकूड लाकडात बसल्याचा तो आवाज एकदा ऐकलात की कुठल्याही दाराच्या खटक्यावर समाधान होणार नाही. एकही खिळा लागलेला नाही.

मग कड्या, कड्यांवर आडव्या काटक्यांचं किलचन, त्यावर पराट्या, त्यावर निंबाचा पाला आणि त्यावर माती. बायकांची रांग लागलीय, टोपल्या डोक्यावरून डोक्यावर. वरचा थर खारीचा, कारण खाऱ्या मातीत गवत उगवत नाही. या भागातल्या खाऱ्या पाण्याला लोक पिढ्यान्पिढ्या नावं ठेवत आलेत, पण धाब्यावरची खारी मात्र दर उन्हाळ्यात मिरगाआधी नव्यानं टाकतात. रात्री त्या ओल्या धाब्याखाली आडवे व्हा. वरून मातीचा गारवा उतरतो, कुठेतरी कडी सावकाश कुरकुरते, शेजारी कुणीतरी जोवारीच्या भाकरीची ढेकर देतं. झोप छान लागेल. पण झोपू नका. अजून बरंच मागे जायचंय.

वाटेत अजिंठ्याला क्षणभर टेकू. बुलढाण्याहून तो रस्ता आपल्या ओळखीचा आहे, पण आता तिथे रस्ता नाही, गाडीतळ नाही, स्फटिक विकायला मागे लागणारी मंडळी नाहीत. दहाव्या लेण्यात शिरा. मान वर करा. दगडाच्या कमानदार छताला फासळ्या आहेत, लाकडाच्या. तुमच्या काळात त्या फासळ्या गेल्या आणि दगडातल्या खोबण्या तेवढ्या राहिल्या. दर्शनी भाग वासिठीपुत कटहादी नावाच्या माणसानं दान दिला, तसं तिथे कोरून ठेवलंय. दर्शनी भागाला त्यानं वापरलेला शब्द 'घरमुख'. हाही खिशात टाका. चला.

उतरा. जपून, पायाखाली चुरा आहे, काळ्या पाषाणाच्या धारदार कपच्या.

हे कार्ले. एकवीरेच्या पायऱ्या शोधू नका, पेढ्यांची दुकानं शोधू नका, कोळ्यांची पालखी तर अजून कितीतरी शतकं दूर आहे. आहे तो डोंगर, आणि डोंगराच्या पोटातून येणारा आवाज. शंभर छिन्न्या एकाच वेळी पाषाणावर पडताहेत. ठण ठण ठण. थोड्या वेळानं तो आवाज कानातून निघतो आणि दातांत जाऊन बसतो. कडेला लोहाराचा भाता चाललाय. बोथट छिन्न्यांची रास डावीकडे, धार लावलेल्यांची उजवीकडे, आणि उजवीकडची रास कधीच मोठी होत नाही. पाण्यात तापलं लोखंड बुडालं की चर्र होतं आणि नाकात रक्तासारखा वास शिरतो.

भूक लागली असेल तर भात मिळेल, मावळातला, जाडसर, वाफाळलेला. पानात वरणासारखं काहीतरी आणि चिंचेचं सार. तिखट हवं असेल तर मिरे चावा. ठेचा मागू नका. मिरची यायला अजून दीड हजार वर्षं आहेत, आणि वऱ्हाडातून आलेल्या माणसाला हा या प्रवासातला सगळ्यात मोठा त्रास आहे हे मला मान्य आहे.

आता आत चला. डोळे सरावू द्या. सुमारे ३८ मीटर लांब, छत १४ मीटर उंच. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी, आणि स्तूपामागे सात साधे, नक्षी नसलेले. खांबांच्या पायाशी वाका. काय दिसतं? घडा. दगडाचाच, गोल पोटाचा. अभ्यासक म्हणतात की लाकडी खांब वाळवीपासून वाचवायला घड्यात उभे करत असतील, त्याची ही आठवण. पाषाणाला कुठली आलीय वाळवी! पण पाथरवटानं घडा सोडला नाही. वरवटातला तळखडा आठवतोय ना?

मान वर करा. एकामागून एक सागवानी कमानी, जहाज उलटं करून ठेवावं तशा. त्यांच्यावर वजन काय आहे? काही नाही. वर आख्खा डोंगर आहे आणि तो स्वतःच्या ताकदीवर उभा आहे, या फासळ्यांनी त्याला काडीचा आधार दिलेला नाही. मग कशाला हा खटाटोप? हा प्रश्न तिथल्या कुणाला विचारलात तर तो तुमच्याकडे असा बघेल, जणू तुम्ही उघड्या रानातल्या चौकटीला बाजूनं वळसा घालून गेलात. फासळ्या नाहीत ते घर कसलं?

तो बघा, दोर धरून उभा आहे तो. सामी, वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकटचा. हे नाव मी बनवलेलं नाही, दाराजवळ कोरलेलं आहे. नावापुढे त्याचा धंदाही आहे: 'वढकि'. खिशातला पहिला शब्द काढा. वाढई. दोन हजार वर्षं झिजून तो जेमतेम अर्धं अक्षर बदललाय, आणि वरवट बकालमध्ये तंबाखू चोळत बसलाय.

लेख सांगतो की सामीनं घराचं मुख केलं. कमानी त्यानंच चढवल्या असं कुठे लिहिलेलं नाही. ते काम आज मी त्याला देतोय, त्याची हरकत दिसत नाही. चार दोर वरून खाली सोडलेत, प्रत्येकाला सहा-सहा माणसं. शेवटच्या दोराला एक जण कमी आहे. अर्थात. काथ्या तळहाताला लागला की मिठासारखा झोंबतो. कमान हलते, एका टोकानं वर, मग दुसऱ्या. सामी काय बोलतो ते अर्धंच कळतं, प्राकृत आहे, पण डावीकडं आणि अजून जरा हे सगळ्या भाषांत सारखंच ओरडतात. पाषाणातल्या खोबणीपाशी बसलेला पोरगा हात वर करतो. सगळे श्वास धरतात. छिन्न्यासुद्धा थांबतात. आणि मग,

धप्प.

तोच आवाज. लेण्याच्या पोटात तो तीनदा फिरतो आणि पाकोळ्यांचा थवा बाहेर पडतो. सामी हसत नाही. तो खोबणीतून हात फिरवतो, कुठे फट राहिलीय का बघतो, आणि मग कपाळावरचा घाम अंगठ्यानं निपटून टाकतो. अंगठ्याचं नख बघायला तुम्ही वाकता. लाजू नका, मीही वाकलो होतो.

दुपार कलली. लेण्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे घोड्याच्या नालासारख्या त्या प्रचंड खिडकीतून ऊन आत शिरतं आणि सरकत सरकत स्तूपाकडे निघतं. धुळीचे पट्टे. सकाळी बघितले तेच. एवढ्यात गर्दीतून चंदनाचा वास येतो, घामाच्या, लोखंडाच्या आणि तेलाच्या वासांना ढुशी मारत. धेनुकाकटचा गंधी आलाय, सिंहदत्त, सुगंधी द्रव्यं विकणारा. त्याचंही नाव इथे दारापाशीच राहणार आहे, कारण दाराचं दान त्याचं. धेनुकाकटच्या यवनांनी खांब दिले, वैजयंतीच्या भूतपाल शेठनं सगळ्या जंबुद्वीपात असं लेणं नाही असं कोरून घेतलं. मोठ्या लोकांचा उत्साह असतोच. पण सुताराचं नाव त्यांच्या ओळीत बसलं, याचं मला या डोंगरात सगळ्यात अप्रूप वाटतं.

सामी दरीपलीकडे बोट दाखवतो. तिकडे भाजे. त्याच्यासाठीसुद्धा ते जुनं. तिथले दगडी खांब आतल्या बाजूला कललेले आहेत, कारण लाकडी घरात छताचा रेटा खांबांना बाहेर ढकलतो आणि वाढई ते आधीच आत झुकवून ठेवतो. पाषाणात रेटा नाही, तरी झुकले. तिथल्या लाकडी फासळ्या आजही वर आहेत, त्यांच्यावर ब्राह्मी अक्षरं सापडली. समोरचं लाकडी दर्शन मात्र गळून गेलं, आणि त्याच्या जागी पाषाणात ओळीनं भोकं राहिली. त्या भोकांवरून ते दर्शन कसं होतं, हे माणसं चित्र काढून काढून मांडत आलीत. भोक एवढं, म्हणजे कुसू एवढं, म्हणजे तुळई एवढी. वाढयाचंच गणित, उलटीकडून.

कोरियात यापेक्षा अवघड जागी बसलेत लोक. ग्योंगजू शहरात ह्वांग्न्योंगसा नावाच्या मठात नऊ मजली लाकडी मनोरा होता, सात खण रुंद आणि सात खण लांब. मंगोल आले आणि १२३८ साली तो जळाला. आता तिथे गवतात पायाचे दगड आहेत, आपल्या तळखड्यांसारखे, रांगेनं. त्यांच्यामधली अंतरं मोजून अभ्यासक नऊ मजले हवेत चढवतात आणि त्यावर आपसात भांडतात. मनोरा उभारायला शेजारच्या राज्यातून कारागीर बोलावला होता, त्याचं नाव आबिजी. नाव पुस्तकात टिकलं, लाकूड गेलं. सामीचं नाव पाषाणात आहे आणि कार्ल्याचं लाकूड तर अजून वर आहे. मळवली स्टेशनला उतरलात तर संध्याकाळच्या गाडीनं परत येता येईल.

आपल्यालाही परत जायचंय. सामीला सांगायला जाऊ नका की दोन हजार वर्षं टिकेल म्हणून. तो पुढच्या कमानीचं टोक तासायला बसलाय, आणि ढलपे गोळा करायला एक पोरगी आधीच टपलीय. पाठ टेका. जवळच्या खांबाला, घड्याच्या जरा वर.

पाठीला गारवा लागतो. नाकात माती. पोरांचा कल्ला. खाली ठेवलेल्या मोबाईलवर तीन मिस्ड कॉल.

कड्या सगळ्या उतरल्यात. अंगणात लाकडाची थप्पी लागलीय आणि जुनं लाकूड घेणारा टेम्पोवाला तिच्याभोवती फिरत भाव पाडतोय. वाळवीनं खाल्लेला नग तो पायानं उलटा करतो, बरा असला तर हातानं. वर आता नुसतं आभाळ. भिंतीही बऱ्याच पडल्या. कुठूनही आत यावं, कुठूनही बाहेर जावं.

तुम्ही उठता, कपडे झटकता आणि मदत करावी म्हणून चौकटीच्या खुंटीला हात घालता. रुंद सागवानी चौकट, उंबऱ्याचा मधला भाग पावलांनी झिजून खोलगट झालेला. टेम्पोवाल्याची नजर सकाळपासून तिच्यावरच आहे.

"राहू दे रे भाऊ," म्हातारा वाढई तंबाखूची पिंक बाजूला टाकत म्हणतो. "ते आखरीले काढू. घराचं तोंड हाय ते."

मग तो गुडघ्यावर हात टेकून उठतो, चारी बाजूंनी मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या त्या दारातून वाकून आत येतो आणि खांबाकडे बोट दाखवून विचारतो, "याले लावू का हात आता? तुयं बसून झालं ना?"